येळवसाच्या आत मेंदू

८ डिसेंबर, रविवार. खजुरी.

सकाळच्या बसनं गावी पोचलो. संकल्प असा की येळवसाच्या आत लॅपटॉपवर मेंदू बसवायचा. येळवस म्हणजे आमची वेळ अमावास्या, शेतात पूजा करून जेवायचा सण, तीस तारखेला. काम तीन दिवसांचं. उरलेल्या दिवसांत हुरडा.

कोणता मेंदू ते लिहून ठेवतो, पुढं आत्मचरित्र लिहिताना शोधाशोध नको. परदेशातल्या एका विद्यापीठानं सॉफ्टवेअर केलंय, फुकट मिळतं. त्यात मेंदूच्या हजारो पेशी कॉम्प्युटरमध्ये एकमेकींना जोडता येतात. मग एकेक दुवा तोडत गेलं की आठवण कशी पुसट होत जाते, ते रंगीत आलेखात दिसतं. गुलबर्ग्याच्या कॉलेजात मी जन्मभर मानसशास्त्र शिकवलं, पण मेंदू फळ्यावर खडूनंच काढला. रिटायर झाल्यावर का होईना, खरा दाखवणार.

दाखवायचा अण्णाला, म्हणजे थोरल्या भावाला. श्रीपतराव म्हटलं की आळंद तालुक्यात तूरवाले सगळे ओळखतात, पण पुराव्याशिवाय काही मानायचं नाही हा त्याचा स्वभाव. आईची स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे. मी त्यातला असल्यामुळे मला दिसतं, घरच्यांना दिसत नाही. तिला माझ्याकडं गुलबर्ग्याला न्यायला हवं. दिवाळीत विषय काढला तर आई म्हणाली, मी न्हाई येत. अण्णा म्हणाला, तिला काय धाड भरलीय, पुरावा दाखव. येळवसाला सगळं घर शेतात जमतं. तिथं पूजेच्या कडब्याच्या खोपीसमोर लॅपटॉप उघडणार. आलेख बघितला की अण्णा स्वतः तिचं बोचकं बांधून देईल.

ज्योतीला फोन केला. बदली झाल्यापासून बायको बिदरला असते, शाळेत हेडमास्तरीण. म्हणाली, आईंना काही झालेलं नाही, तुम्हाला तीन खोल्यांत एकट्याला करमत नाही म्हणून हे सगळं चाललंय. ज्योतीचा विषय गणित. मानसशास्त्र तिला कळत नाही.

सोनूलाही केला. मुलगी हैदराबादला कॉम्प्युटरच्याच कंपनीत. तिनं एकच सांगितलं की पप्पा, सूचनांची पहिली ओळ नीट वाचा, मगच हात लावा. वाचीन. चष्मा सापडला की वाचीन.

चार्जर बसमध्ये राहिला.

९ डिसेंबर, सोमवार.

आमच्या घरी रेंज फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. गाव सीमेवरचं, त्यामुळे टाकीच्या डाव्या अंगाला उभं राहिलं की मोबाइल महाराष्ट्रात जातो आणि स्वागताचा मेसेज येतो. उजव्या अंगाला कर्नाटक. बोलायला कर्नाटक बरा, डाउनलोडला महाराष्ट्र. ओरडावं मात्र दोन्हीकडं लागतं.

तिथून आळंदच्या डेपोत फोन केला. चार्जर कंडक्टरनं जपून ठेवला होता. बसलिंगप्पा त्यांचं नाव. दुपारच्या फेरीला आणून देतो म्हणाले. मन भरून आलं. फोनवरच कानडीत आमंत्रण दिलं की येळवसाला आमच्या शेतात या, बायकापोरांसकट या, मेंदू दाखवतो. ते येतो म्हणाले.

वैनीला सांगायचं.

आईचं निरीक्षण आजपासून सुरू. जेवायला हाक मारताना तिनं मला आधी श्रीपत म्हटलं, मग सोनू, मग बैलाचं नाव घेतलं, शेवटी व्यंकट. स्पष्ट लक्षण.

११ डिसेंबर, बुधवार.

मेंदू बसवायच्या आधी पायथन नावाचं दुसरं एक सॉफ्टवेअर लागतं. घेतलं. सगळ्यात नवी आवृत्ती घेतली, आपण जुनं कशाला घ्यायचं? मेंदूला जुनी लागते म्हणे. नवी काढली, जुनी घातली. आता लॅपटॉप म्हणतो नवी अजून आतच आहे. असू दे. दोघी राहतील.

दुपारी मेंदूचं डाउनलोड चालू केलं. ३८ टक्क्यांवर चहाला खाली आलो. आई तूर निवडत होती. किती टक्के झालं रे, म्हणाली. ३८ म्हटलं. एवढ्यानं काय होतंय, म्हणाली. वर गेलो तर तेवढंच.

अण्णानं विचारलं, तुरीची रास चालू आहे, येतोस का हात लावायला? म्हटलं, डाउनलोड सोडून येता येत नाही, जवळ माणूस लागतो.

१२ डिसेंबर.

आईनं पुन्हा विचारलं, किती टक्के झालं. कालही हेच विचारलं होतं. ३८ म्हणून सांगितलं.

१३ डिसेंबर.

पुन्हा तोच प्रश्न. पुस्तकात दिल्याप्रमाणे, अगदी शब्दही तेच. एकच प्रश्न रोज विचारणं हे स्मृतिभ्रंशाचं पहिलं लक्षण. तिला न दुखावता शांतपणे उत्तर दिलं. ३८.

१५ डिसेंबर, रविवार.

आमटी खारट. इतकी की अण्णानं ताटात पाणी ओतून घेतलं. मी सोजरावैनीला हळूच म्हटलं, बघा, आईनं दोनदा मीठ घातलं. वैनी म्हणाल्या, आत्याबाईंनी एकदाच घातलं, दुसऱ्यांदा तुमी घातलंत भाऊजी, चुलीम्होरं उभं ऱ्हाऊन फोनवर बोलत बोलत. मी मीठ घातलं नाही. घातलं असलं तर चवीपुरतं.

तरीही आईच्या खात्यावर धरतो. लक्ष ठेवायचं काम तिचं होतं.

चष्मा अजून नाही. बहुतेक गुलबर्ग्याला राहिला. आई म्हणाली, तुज्या पिशवीच्या म्होरल्या कप्प्यात आसंल. तिला पिशवी आणि लॅपटॉपची बॅग यांतला फरक कळत नाही. तिथं कोण चष्मा ठेवतं?

१७ डिसेंबर, मंगळवार.

लॅपटॉप म्हणतो जागा शिल्लक नाही. काहीतरी काढा. उघडून बघितलं. माझ्या निरोप समारंभाचे व्हिडिओ आहेत, निरनिराळ्या मोबाइलवर घेतलेले, भाषण एकच. त्यातला एकही काढण्यासारखा नाही. प्रत्येकात टाळ्या वेगळ्या ऐकू येतात. एकात प्राचार्य डोळे पुसताना दिसतात. नाक पुसतात असं ज्योतीचं म्हणणं.

शेवटी एक मोठी फाइल दिसली, नाव इंग्रजीत लांबलचक, कसली ते वाचता येईना. ती काढून टाकली. भरपूर जागा झाली. फार हलकं वाटलं.

१८ डिसेंबर, बुधवार.

काल काढली ती मेंदूची फाइल होती.

हरकत नाही. नव्यानं सुरुवात करणं आरोग्याला चांगलं. पुन्हा लावली. ३८ला थांबली. म्हणजे हा आकडा योगायोग नाही, काहीतरी शास्त्रीय कारण आहे.

आईनं विचारलं, किती टक्के झालं रे? माझ्या उत्तराची वाट न बघता ३८ व्हय, असं स्वतःच म्हणाली. हे लक्षण पुस्तकात नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार.

पहाटे उठून टाकीच्या डाव्या अंगाला बसलो. गाव झोपेत. अर्ध्या तासात पूर्ण उतरलं! इन्स्टॉलचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धो धो पळाली, मग लाल झाली आणि थांबली. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचलं तर कंपायलर सापडत नाही.

आळंदच्या लॅपटॉप दुकानात फोन लावला. मालक अमरदीप, तरुण आहे, नम्र आहे. म्हणाला, सर, लॅपटॉप इकडं घेऊन या, बघून सांगतो. म्हटलं, मी फक्त पडताळा घेतोय, मला माहीत आहे. कंपायलर म्हणजे काय हे त्याला विचारलं, तेही पडताळ्यासाठीच. त्यानं बराच वेळ समजावलं. मी म्हटलं बरोबर. एवढा वेळ दिला म्हणून त्यालाही येळवसाचं आमंत्रण दिलं, दुकानातल्या पोरांना घेऊन ये म्हटलं. खाली आई अंगणात बसली होती. ती वैनीला काहीतरी सांगत होती आणि वैनी मटकीच्या डब्याकडं बघत होत्या.

वैनीला सांगायचं राहिलं. संध्याकाळी सांगतो.

२० डिसेंबर.

कंपायलर उतरवतोय. तो मेंदूपेक्षा मोठा निघाला.

अण्णा जेवताना म्हणाला, तूर झाली, आता हरभऱ्याला पाणी द्यायचंय, येतोस का? म्हटलं, अण्णा, तू हात वापरतोस, मी मेंदू, दोघंही राबतोयच. भाकरी जास्त घेतली त्यानं.

२१ डिसेंबर, शनिवार.

आज दोन महत्त्वाची कामं केली.

पहिलं, राजपालला फोन. कॉलेजात बरोबर होतो, तो इतिहास शिकवायचा, स्टाफरूममध्ये शेजारी बसायचा. त्याची बायको पंचशीला गुलबर्ग्यात डॉक्टर आहे, मेंदूच्याच पेशंटांना बघते. दोघांना येळवसाचं निमंत्रण दिलं. पंचशीलाताईंना सांगितलं की आईशी सहज गप्पा मारल्यासारखं करून तिची आठवण तपासा. माझा आलेख आणि डॉक्टरांचं मत, असं दोन्ही बाजूंनी बांधून टाकायचं. अण्णाला पळायला वाट नको.

दुसरं, पेन्शनर मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खबर दिली. टाइप करायला चष्मा लागतो, म्हणून टाकीजवळ उभं राहून व्हॉइस मेसेज पाठवला की खजुरीला येळवसाला मेंदू बघायला या, भज्जी खायला या, सहकुटुंब या. लगेच अंगठे यायला लागले. अंगठ्याचा अर्थ एवढाच की मेसेज ऐकला. येत कोण नाही.

खाली उतरलो तर आई म्हणाली, गळा बसंल की रे तुजा, सावकाश बोल.

२४ डिसेंबर, मंगळवार.

वैनीनं आपण होऊन विचारलं, भाऊजी, येळवसाला तुमच्याकडनं किती जण? म्हटलं, चार-पाच धरा. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला. दोघी हसल्या. घरात विनाकारण हसण्याचं प्रमाण वाढलंय, हे लिहून ठेवतो.

कंपायलर आला. मेंदू आता म्हणतो, कंपायलर आहे पण कुठं आहे ते मला सांगा. मी सांगितलं. त्याला पटत नाही.

सोनूचा फोन. पप्पा, पहिली ओळ वाचली ना? म्हटलं, हो. खोटं नाही हे. वाचायचं ठरवलंय, म्हणजे मनानं वाचलंच आहे.

२६ डिसेंबर.

प्रगती नाही. मेंदू काढून पुन्हा उतरवायला लावलाय, मधेच अडकतो की परत पहिल्यापासून. थंडी. हुरडा खाल्ला. आईनं भाजून दिला, गूळ-शेंगदाणे आठवणीनं आणले. मला लहानपणी गुळाशिवाय हुरडा जात नसे हे तिला आठवतं. जुन्या आठवणी टिकतात, नव्या जातात. ही स्थिती धोक्याची. गुलबर्ग्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत दोघं बसून हुरडा खाऊ. तिथं हुरडा विकत आणावा लागेल. मिळतो बहुतेक.

फ्लॅटचं दार उघडून आत गेलं की फ्रिजचाच आवाज येतो. हे इथं लिहायचं कारण नाही. चुकून लिहिलं.

२८ डिसेंबर, शनिवार. सकाळ.

लॅपटॉप चोरीला गेला!

रात्री डाउनलोड लावून टाकीजवळ ठेवला होता की नव्हता, ते नीट लक्षात नाही, पण सकाळी तिथं नाही. अण्णाला उठवलं. शेजारच्या गच्चीवर बघितलं. पोलिसात जायचं ठरवून शर्ट घातला.

दुपार.

सापडला. माजघरात, आंबिलीच्या मडक्याशेजारी, घोंगडीत गुंडाळलेला. येळवसाची आंबील कालच घातली, तिला ऊब लागते म्हणून मडक्याला घोंगडी. त्याच घोंगडीच्या दुसऱ्या टोकात माझा लॅपटॉप. आईला विचारलं. ती म्हणाली, "गच्चीवर दवात सोडून आलतास. पार वला झालता. मी पुसून ठिवला, ऊब लागली की येतंय." माझा प्रश्न सरळ होता की सांगितलं का नाहीस. म्हणाली, सांगितलं की सकाळी, चहा पितापिता, तू व्हय म्हणलास.

वस्तू लपवणं आणि न घडलेलं संभाषण आठवणं, दोन्ही एका सकाळी. प्रकृती झपाट्यानं ढासळते आहे. वेळ कमी आहे.

लॅपटॉप चालू झाला. ताकाचा वास येतोय.

२९ डिसेंबर, रविवार. रात्रीचं जेवण झाल्यावर.

अण्णा, आई, वैनी दिवसभर तयारीत. डाळी-पालेभाज्यांची भज्जी शिजतेय, तिच्या वासानं घर भरलंय. ज्योती बिदरहून आली, सोनू हैदराबादहून. आल्या आल्या दोघी आईशी दार लावून बोलत बसल्या. मला आत घेतलं नाही. आईला समजावत असतील.

उद्याची योजना. इतके दिवस कुणाला कशी सुचली नाही कोण जाणे. येळवसाला गावात चिटपाखरू राहत नाही. दुकानं बंद, रस्ते ओस, झाडून सगळे शेतात. म्हणजे अख्खा टॉवर माझ्या एकट्याचा. सगळे गेले की मी घरीच राहणार. अडकलेलं सगळं तासाभरात उतरवणार, मेंदू बसवणार, आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या वेळेला खोपीवर पोचणार.

अण्णाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, येळवसाला घरी ऱ्हायलेला माणूस मी अजून बगितला न्हाई. इतिहास असाच घडतो.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस. सकाळी नऊ.

सगळे गेले. वैनी डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन, घोंगडी पांघरून. जाताना आईनं विचारलं, किती टक्के झालं? म्हटलं, आज शंभर करून आणतो. ती म्हणाली, भूक लागली की ये.

गाव सुनसान. कुत्रंसुद्धा गेलं. टाकीच्या डाव्या अंगाला बसलोय. महाराष्ट्रानं स्वागत केलं.

अकरा.

१९ टक्के. काहीतरी गडबड आहे. इतकं हळू कधीच नव्हतं.

बारा.

कारण कळलं. पुणे, हैदराबाद, मुंबई, लातूर, जिथं जिथं आमच्या भागातली पोरं आहेत ती सगळी काल रात्री गाड्या घेऊन आली आहेत. गाव रिकामं झालं, पण टॉवर शेतातच आहे. त्याच्याभोवतीच्या प्रत्येक खोपीत कुणीतरी पूजेला मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांचा, भज्जीचा, आंबील शिंपत 'वलगे वलगे' असा पुकारा करत शेताला फेरी घालणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ करून जगाला पाठवतंय. मोबाइलवर सगळ्यांचे फोटो येतायत. माझा मेंदू मात्र येत नाही.

३८ टक्के. शप्पथ.

संध्याकाळ.

घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहितो. आज मन जरा अस्थिर आहे.

दीडच्या सुमाराला दारात हाक आली. बसलिंगप्पा, चार्जरवाले कंडक्टर, खाकी न घालता झब्ब्यात. म्हणाले, सर, सगळे आलेत, तुम्हीच नाही. मी त्यांना ओळखलं नाही आधी. मग त्यांच्या मोटरसायकलवर लॅपटॉप मांडीवर धरून शेतात गेलो.

बांधावरूनच मी त्यांना म्हटलं, आपण चुकलो, हे दुसऱ्या कुणाचं शेत, इथं लग्न दिसतंय. त्यांनी गाडी थांबवली नाही. लग्न नव्हतं. गुलबर्ग्याचे पेन्शनर मित्र होते, झाडून सगळे, बायका, सुना, नातवंडं, दोन टेम्पो करून आलेले. अमरदीप होता, त्याच्या दुकानातली पोरं होती. राजपाल खोपीत पांडवांसमोर मांडी घालून अण्णाशी निजामाच्या काळावर बोलत होता. एवढ्या माणसांना काय वाढायचं? मी वैनीला चार-पाच सांगितले होते. म्हणजे तेही उशिरा, आणि त्यांनी विचारलं म्हणून.

पण सगळे जेवत होते. पुन्हा पुन्हा घेत होते. भज्जीचं पातेलं संपायचं नाव घेईना. आंबील पेल्यापेल्यानं फिरत होती. आई एकेकाला नावानं विचारत होती. बसलिंगप्पांच्या पोरीला कानडीत, अमरदीपला तुज्या दुकानातली सगळी पोरं आली का, राजपालला तुमी व्यंकटच्या बाजूला बसायचे न्हवं. ज्यांना ती जन्मात भेटली नव्हती ती सगळी माणसं.

मी वैनीला बाजूला घेऊन विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, तुमी वर टाकीपाशी वरडून बोलवायचा, आत्याबाई खाली ऐकून मला सांगायच्या. आज येवढी मटकी वाढवा, आज येवढे बाजरीचे उंडे वाढवा. मला सांगायचं तुमी रोज इसरायचा, त्यांनी न्हाई इसरलं.

मग अण्णानं सगळ्यांसमोर पुरावा मागितला. लॅपटॉप उघडला. उन्हात पडदा दिसेना. वर उपरणं धरलं तेव्हा दिसलं, ३८, आणि खाली बॅटरी संपत आल्याची सूचना. आई जवळ आली, पडद्याकडं बघितलं आणि विचारलं, किती टक्के झालं रे? सगळं शेत हसलं. पेन्शनर लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरोप समारंभापेक्षा जोरात.

मी पंचशीलाताईंकडं बघितलं, शेवटची आशा म्हणून. त्या म्हणाल्या, आजींशी तासभर बोलले, मलाच त्यांच्याकडून चार गोष्टी कळल्या. मग त्यांनी माझीच चौकशी सुरू केली. झोप लागते का, घरी दिवसभर कुणाशी बोलता का, गेल्या आठवड्यात कुणाबरोबर जेवलात. शेवटच्या प्रश्नाला मी आठवत बसलो. गेले तीन आठवडे तर मी इथंच होतो. त्याच्या आधीचं विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. त्या ज्योतीकडं वळून म्हणाल्या, "मेंदू ठणठणीत आहे. माणूस एकटा आहे. बोलायला कुणी नसलं की लक्ष कुठंच लागत नाही."

ज्योतीनं मान हलवली, आधीच ऐकल्यासारखी. सोनू माझ्याकडं न बघता चिंच खात बसली. तेव्हा कळलं, रात्री दार लावून कुणाबद्दल बोलणं चाललं होतं ते.

आईनं हात पुसले आणि म्हणाली, "मी न्हाई जात कुठं गुलबर्ग्याला. ह्यालाच हितं ठेवून घ्या. तितं ह्याला जेव म्हणायला कोन न्हाई."

मला राग आला. साफ सांगतो, फार राग आला. ह्या वयात मला ठेवून घ्यायचं म्हणजे काय, मी काय मुक्या जनावरासारखा आहे? बांधाकडं जाऊन उभा राहिलो. कुणीच मनवायला आलं नाही. थोड्या वेळानं भूक लागली म्हणून परत आलो. माझ्यासाठी आईनं उंडे आणि भज्जी झाकून ठेवली होती, पळसाच्या पानाखाली. ती खाल्ली. भज्जी अजून कोमट होती. डोळ्यात चुलीचा धूर गेला.

३१ डिसेंबर, मंगळवार.

शांत डोक्यानं विचार केला. माझा मूळ मुद्दा असा होता की आईनं आणि मी एका घरात राहायला हवं. तो मान्य झाला आहे. दिशा तेवढी बदलली. तत्त्वतः विजय माझाच.

ज्योती शनिवारी-रविवारी बिदरहून इथंच येईल. तिला इकडून बस सोयीची पडते म्हणे. हेही मीच दिवाळीत सुचवणार होतो.

नव्या वर्षाचा संकल्प असा की मेंदू संक्रांतीच्या आत.

३ जानेवारी, शुक्रवार.

चष्मा सापडला. लॅपटॉपच्या बॅगेत, पुढच्या कप्प्यात. तिथं कुणी ठेवला देव जाणे.

लावला आणि सूचनांची पहिली ओळ वाचली. हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. माझा लॅपटॉप विंडोज.

सोनूला फोन करून स्पष्ट नाराजी सांगितली. एवढी साधी गोष्ट तिनं आधी सांगायला हवी होती. फोन मधेच कट झाला. रेंज गेली असावी.

दुपारी अण्णाबरोबर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलो. दारं धरायला माणूस लागतो, ते काम तज्ज्ञाचंच आहे. एक सरी फुटली. अण्णा म्हणाला, शिकशील.

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.

आईनं माझ्यावर उपचार सुरू केले आहेत. मी तिच्या समाधानासाठी करू देतो. रोज दिवे लागले की अंगणात बसून येळवसाला कोण कोण आलं ते तिला सांगायचं, एकही न चुकता.

आज सगळे सांगितले. पेन्शनर एकेक करून, टेम्पोवाले दोघं, राजपाल, पंचशीलाताई, अमरदीप आणि त्याची पोरं, बसलिंगप्पांचं सगळं घर. मला वाटलं झालं. ती म्हणाली, एक ऱ्हायला.

पुन्हा मोजले. एक राहतोच. म्हटलं, खूण तरी सांग. ती म्हणाली, "सगळ्यात उशिरा आलता. ज्याच्यासाटी उंडे झाकून ठिवल्ते, त्यो."

खूप विचार केला. बसलिंगप्पा म्हटलं. ती म्हणाली, त्येला मोजलास की. मग हसत बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून भाकरी टाकायला उठली.

कोण असेल? उद्यापर्यंत आठवेल. इथं लिहून ठेवतो म्हणजे राहायचं नाही. आणि तिला विचारायचं, कारण तिचं मोजणं चुकलेलं असण्याची शक्यता आहेच.